बोहनीची नोट

राजाजीनगरातले आमचे कानडी शिंपीअण्णा फोनवरून पैसे खुशाल घेतात, पण सकाळची बोहनी त्यांना रोखच लागते. फोन कपाळाला लावला तर लक्ष्मी येत नाही, नुसता घाम लागतो, असं त्यांचं ठाम मत.

परवा ब्लाउज आणायला गेले, तर पहिलं गिऱ्हाईक मीच आणि पर्समध्ये एक नोट नाही.

"स्वल्प थांबा, अक्का." त्यांनी मशीनच्या खणातून दहाची नोट काढून माझ्या हातात ठेवली. "आता मला द्या."

मी दिली. त्यांनी ती डोळ्यांना लावली, कात्रीला टेकवली. "सरी, झालं! आता सगळे पैसे फोनवर करा."

हळदीने पिवळी पडलेली, घड्यांवर विरलेली ती नोट पुन्हा खणात गेली.

"उद्या येणाऱ्याकडे तरी कुठं असणार?" अण्णा म्हणाले.