स्टेन, कुंकू आणि माझा निळा शर्ट

मंडळी, आज फार दमलोय, पण एवढं सांगतोच.

सकाळी इथे बनारसच्या शाळेत आठवीला 'स्टेन' हा इंग्रजी शब्द शिकवला. कपड्यावर पडतो तो डाग, नावाला लागतो तोही. मूळ सांगितलं, की जुन्या फ्रेंचमध्ये याचा अर्थ रंग घालवणे असा होता. पोरं हसली. "सर, दाग तो लगता है, रंग कहाँ जाता है?" समजावायचं त्राण नव्हतं.

बालाजी घाटाजवळच्या घरी आलो, तर आई माझा शर्ट मांडीवर घेऊन बसलेली. काल तिनं माझ्या नव्या निळ्या शर्टाच्या कोपऱ्याला, आपल्यात लावतात तसं, कुंकवाचं बोट लावलं होतं. माझी लेक इथेच वाढलेली, तिला ही रीत ठाऊक नाही. तिनं ते ब्लीच लावून घासलं. "बाबा, दाग था, हमने छुड़ा दिया."

कुंकू गेलं, निळा रंगही गेला. पांढरा ठिपका राहिला. लेक रडवेली झाली. कोणावर चिडायचं?

"असू दे गं," म्हणत आईनं बोटानं त्या पांढऱ्यावरच पुन्हा कुंकू लावलं.

उद्या तोच शर्ट घालून वर्गात जाणार आहे. रंग कुठे जातो, ते पोरांना दाखवतो.

तुमच्या घरी नव्या कपड्याला बोट लावणारं कोणी उरलंय का?