बांधावरच्या निंबाची रुंदी

भूतबित, चमत्कार... असल्या गोष्टी सांगणाऱ्याला मी तोंडावर खोटारडा म्हणतो. आज मला म्हणा.

९७-९८ सालची गोष्ट. पारोळ्यापासून सहा किलोमीटरवर माझं स्वकष्टाचं शेत. पश्चिमेच्या बांधावर जुना निंब होता. त्याच्या अलीकडे मी, पलीकडे काशिनाथआबा - हद्दीची खूण म्हणजे तो निंब. मी तीन दिवस धुळ्याला गेलो, तेवढ्यात आबानं निंब मुळासकट काढला आणि माझ्याकडे दहा पावलं सरकून नांगर फिरवला!

वर म्हणतो, "तठे कधी झाडच नव्हतं, भाऊ. तुले सपन पडनं व्हई!"

साक्षीला गावातलं कुणी येईना. माझं डोकं भणाणलं.

त्याच वर्षी पावसाळ्यात जळगावच्या कॉलेजचे एक सर व्हिडिओ कॅमेरा घेऊन आले. कॉम्प्युटरला झाडं ओळखायला आणि मोजायला शिकवत होते. मापासाठी पट्ट्यापट्ट्यांची काठी शेजारी रोवायची, बाकी सगळं तो करणार. मी फुकट पाऊल ठेवू देतो होय? म्हटलं, "माझी कपाशी मोजून द्या, मग या."

आठवड्यानं कॉलेजात गेलो. भर दुपार. पडद्यावर माझं शेत. कॉम्प्युटर एकेका झाडाभोवती हिरवी रेघ ओढायचा, नाव लिहायचा - कपाशी, कपाशी... मग चित्रात मागे पश्चिमेचा बांध आला. रिकामा. वर नुसतं आभाळ. आणि त्या आभाळात रेघ चढू लागली... खोड, दोन फांद्या, डावीकडची वाकडी, अगदी माझ्या निंबासारखी. खाली नाव - निंब. खोडाची रुंदी चार फूट.

सर पुटपुटले, "निंब मी शिकवलाय त्याला... पण इथे आहे कुठे?"

मी काय करावं? कागदावर छापून मागावं! पण पहिला आकडा कधी मान्य करायचा नाही, ही माझी जन्माची खोड. म्हणालो, "सर, परत मोजा. कमी भरतोय."

त्यांनी परत मोजलं. जुनं पुसलं गेलं. नवीन मोजणीत नुसती कपाशी. सात वेळा मोजलं... कपाशीच!

तडक बांधावर गेलो. आबा एकटाच होता. ओरडलो, "निंब दिसला कॉम्प्युटरात! चार फूट!"

"चार कसा?" आबा उसळला. "पाचना व्हता तो!"

...आणि त्यानं जीभ चावली. ऐकायला तिसरं कुणी नाही.

दहा पावलं आजही त्याच्याकडे आहेत. रिकाम्या आभाळात रेघ कशी उमटली, सरांना सांगता आलं नाही, मलाही नाही. पण "परत मोजा" का म्हणालो, ते मला पक्कं ठाऊक आहे - आणि त्याचाच राग अजून जात नाही.