बाईंच्या जागी कोण बसणार?

बाईंना प्रशिक्षणाला जायचं होतं, तेही अकरा वर्षांपासून.

दर वर्षी वरच्या कार्यालयातून पत्र यायचं. लहान ग्रंथालयांच्या कर्मचाऱ्यांसाठी पाच दिवसांचं निवासी प्रशिक्षण, उपस्थिती आवश्यक. आणि त्याच पत्रात खाली, सहीच्या अगदी वर, लिहिलेलं असायचं की या काळात ग्रंथालय कोणत्याही कारणाने बंद राहणार नाही याची दक्षता कर्मचाऱ्याने घ्यावी. आता त्या ग्रंथालयात कर्मचारी एकच, आणि त्या म्हणजे बाई. कुलूप त्याच उघडत, केर त्याच काढत, पुस्तकांची देवघेव त्याच करत आणि फाटक्या पानांना खळही त्याच लावत. डबा खाताना कुणी आलं तर एका हातात घास आणि दुसऱ्या हातात शिक्का. त्यामुळे पत्र वाचायचं, घडी घालायची आणि फायलीत लावून टाकायचं, एवढंच बाईंचं प्रशिक्षण.

त्या वर्षी मात्र पत्रात नवं कलम आलं. ग्रंथालयात व्यवस्थापकाचं पद मंजूर झालं होतं आणि ते प्रशिक्षण पूर्ण केलेल्यालाच मिळणार होतं. म्हणजे बाई गेल्या नाहीत, तर त्यांच्या डोक्यावर दुसरं कुणीतरी येऊन बसणार.

बाई समितीच्या अध्यक्षांकडे गेल्या. अध्यक्ष पेशाने गुरांचे डॉक्टर, बोलायला गोड.

"जा की बाई, मी कुठं नाही म्हणतोय?"

"मग माझ्या जागी कोण बसणार, साहेब?"

"ते मात्र तुम्हीच बघा. बंद ठेवता येणार नाही, एवढं खरं."

घरी त्यांनी नवऱ्याला विचारून पाहिलं. तो शिलाईचं काम करायचा, मशीन घरातच होतं.

"अहो, पाच दिवस तुम्ही बसता का?"

"मी?" त्याने मशीनवरचा पाय न थांबवता विचारलं. "मला पुस्तकाची बाही कुठली आणि गळा कुठला ते कळत नाही. त्या पोस्टमनकाकांना विचार ना. ते तर तिथेच पडीक असतात."

खरंच होतं ते. पोस्टमनकाका निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी दार उघडायच्या आधीच पायरीवर हजर असायचे. वर्तमानपत्र वाचून झालं तरी घरी जायचं त्यांच्या जिवावर यायचं. बाईंनी विचारलं तेव्हा काका खुर्चीत सरळ होऊन बसले, जणू पुन्हा नेमणूक झाली.

महिनाभर बाईंनी त्यांना शिकवलं. पुस्तकाच्या पाठीवरचे आकडे पाहून काका आधी गांगरले, मग एकदम म्हणाले, "थांबा, हा तर पत्ता आहे! पहिला आकडा म्हणजे वस्ती, टिंबानंतरचा म्हणजे गल्ली, आणि ही अक्षरं म्हणजे घरमालक."

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. इतकी वर्षं त्यांना स्वतःला ते असं सुचलं नव्हतं.

त्यानंतर काकांचं पुस्तक कधी चुकीच्या जागी गेलं नाही. खोड एकच होती. पत्रं वाटल्यासारखी ते पुस्तकाची नावं खणखणीत आवाजात पुकारायचे. एकदा एक लाजरीबुजरी मुलगी बाळंतपणाबद्दलचं पुस्तक घेऊन आली आणि काकांनी त्याचं नाव अख्ख्या वाचनकक्षाला ऐकवलं. मुलगी पुस्तक टाकून पळाली. बाईंनी काकांना बाजूला घेतलं.

"काका, कोण काय वाचतं ते दुसऱ्याला कळता कामा नये."

काकांनी हातातला शिक्का खाली ठेवला. मग म्हणाले, "चुकलंच. पाकिटात काय आहे, हे मी चौतीस वर्षांत कुणाला विचारलं नाही, आणि आता हे!" संध्याकाळी ते पुस्तक कागदात गुंडाळून स्वतः त्या मुलीच्या घरी देऊन आले.

शेवटी बाई गेल्या. मोठ्या इमारतीतला मोठा हॉल, बावीस ग्रंथालयांची माणसं. पहिल्याच तासाला प्रशिक्षकांनी फळ्यावर विषय लिहिला, 'आपल्या हाताखालच्या लोकांना प्रेरणा कशी द्यावी', आणि प्रत्येकाला आपापल्या कर्मचाऱ्यांचा तक्ता काढायला सांगितला. बाईंच्या शेजारी जाड चष्म्याची, ठेंगणीशी ग्रंथपाल बसली होती. तिने कागदाच्या मधोमध एक गोल काढला आणि आत लिहिलं, 'मी'. बाईंनी आपला कागद तिच्यापुढे सरकवला. त्यावरही तेच. दोघींना असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं.

"मी नणंदेला बसवून आलेय," चष्मेवाली कुजबुजली. "तिला शिव्याच शिव्या देता येतात, बाकी काही नाही. पुस्तकं मात्र वेळेवर परत येतील."

दुसऱ्या दिवशी वाचक का तुटतात यावर चर्चा होती. बाईंनी हात वर केला, आणि त्या बाळंतपणाच्या पुस्तकाची गोष्ट सांगितली. प्रशिक्षकांनी दोन-तीन प्रश्न विचारले, बाईंची उत्तरं फळ्यावर लिहून घेतली. बाईंना कुणी त्यांच्या कामाबद्दल काही विचारावं, ही नोकरीतली पहिलीच वेळ. त्या रात्री त्यांना आडवं पडल्या पडल्या झोप लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्षांचा फोन आला. तपासणीचं पथक अचानक आलं होतं. काउंटरवर अनधिकृत इसम आढळला म्हणून त्यांनी ग्रंथालयाला सील लावलं होतं.

"ताबडतोब निघा," अध्यक्ष म्हणाले. या वेळी गोडवा नव्हता.

"साहेब, मी तुम्हाला सांगूनच गेले होते."

"लेखी आहे का काही?"

लेखी काही नव्हतं. प्रशिक्षकांनी हात टेकले. "बाई, आज गेलात तर प्रमाणपत्र देता येणार नाही मला."

"आणि थांबले तर नोकरी राहणार नाही," बाई म्हणाल्या आणि पिशवी भरू लागल्या. चष्मेवालीने त्यांचा रुमाल, कंगवा, वही गोळा करून दिली आणि वहीच्या मागच्या पानावर आपल्या ग्रंथालयाचा पत्ता लिहिला.

ग्रंथालयाच्या दारावर कागद डकवला होता. पुढील आदेशापर्यंत बंद. पायरीवर पोस्टमनकाका बसले होते, हातात न वाचलेलं वर्तमानपत्र.

"एकही पुस्तक चुकवलं नाही हो मी, बाई."

"ठाऊक आहे मला, काका."

ग्रंथालय नऊ दिवस बंद राहिलं. सभासद यायचे, कागद वाचायचे, पुस्तक काखेत मारून परत जायचे. वरच्या कार्यालयात कुणाचं काहीही अडलं नाही. अकरा वर्षं जे पाच दिवस बंद ठेवता येत नव्हतं, ते नऊ दिवस बंद होतं. दहाव्या दिवशी सील निघालं तेव्हा बाई अध्यक्षांना म्हणाल्या, "म्हणजे बंद ठेवता येतं तर."

"ती कार्यालयीन बंदी, बाई. ती वेगळी."

बाईंनी लेखी खुलासा दिला. नोकरी वाचली, पद गेलं. तीन महिन्यांत नव्या मॅडम व्यवस्थापक म्हणून आल्या. वय अठ्ठावीस, प्रमाणपत्रं चार. बाईंनी राग धरायचं ठरवलं होतं, पण मॅडम निघाल्या सरळ स्वभावाच्या. पहिल्याच दिवशी त्या कपाटांपुढे गोंधळून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, हे आकडे मी परीक्षेपुरते पाठ केले होते. जरा शिकवता का?" बाईंनी वस्ती, गल्ली, घरमालक असं सगळं शिकवलं.

त्या वर्षी मॅडम तीन प्रशिक्षणांना जाऊन आल्या. तिसऱ्या वेळी परतल्यावर मनापासून म्हणाल्या, "तुम्ही मागे आहात म्हणून मला जाता येतं, बाई." बाई तारखेचा शिक्का फिरवत राहिल्या. बोलायला तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं, याचा त्यांचा त्यांनाच भरवसा नव्हता.

मॅडमनाही ते जाणवलं असावं. पुढच्या वेळी त्यांनी स्वतः बाईंच्या नावाचा अर्ज भरला. "पाच दिवस काउंटर मी सांभाळते. तुम्ही जाच." बाईंनी बॅग माळ्यावरून काढली, पुसली. आठवड्याने अर्ज परत आला. वर लाल शाईत शेरा होता, 'सदर प्रशिक्षण व्यवस्थापक संवर्गासाठीच आहे. सहायक पात्र नाहीत.' मॅडम रडकुंडीला आल्या. उलट बाईंनीच त्यांची समजूत काढली.

मग बाईंनी एक दिवसाची रजा टाकली. आजारपण नाही, घरचं काम नाही, रजेचं कारण या रकान्यात फक्त एक रेघ. सकाळची बस धरून त्या वहीतल्या पत्त्यावर गेल्या.

चष्मेवालीचं ग्रंथालय एका दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत होतं. काउंटरपुढे सात-आठ जण ताटकळत होते, चहावर साय धरली होती आणि चष्मेवाली चष्मा कपाळावर चढवून एकाच वेळी शिडीवरही होती आणि फोनवरही. बाईंना पाहून ती शिडीवरूनच ओरडली, "अगं, तू!" खाली यायला मात्र तिला पाऊण तास लागला.

तोवर बाई काउंटरच्या आत शिरल्या होत्या. "शिक्का कुठाय? बरं. आता बाहेर जा. चहा पी, फिर, काय वाटेल ते कर. दुपारपर्यंत तोंड दाखवू नकोस."

"अगं पण तुला इथं बसवलेलं कुणी पाहिलं तर..."

"तर अनधिकृत इसम. जा तू."

चष्मेवाली दारापर्यंत गेली, परत वळली, पुन्हा गेली. बाईंनी रांग संपवली. हात आपोआप चालत होते, पण दाराची फळी कुरकुरली की नजर आधी दाराकडे जायची. अकराच्या सुमारास कडक इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस फाईल घेऊन आत आला आणि खोलीभर नजर फिरवत उभा राहिला. बाईंना वाटलं, आला तपासणीवाला. तरी त्या खुर्चीतून उठल्या नाहीत.

"ग्रंथपाल आपणच का?" त्याने विचारलं.

"काय काम होतं?"

"सभासद व्हायचं होतं. फॉर्म मिळेल?"

बाईंनी खण उघडून फॉर्म शोधला आणि पेनसह त्याच्यापुढे ठेवला. "इथं बसून सावकाश भरा," त्या म्हणाल्या. "ग्रंथपालबाई जरा बाहेर गेल्यात."