दोन जागांचं विमान

हंबीरराव माझे चुलते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते विमानदलाच्या कारखान्यात फिटर होते. सत्तेचाळीस साली कोल्हापुरात परतले आणि उद्यमनगरात लेथ घालून बसले. हात लेथवर पंपाचे भाग कातायचे, कान मात्र आभाळाकडे असायचे.

बावन्न साली त्यांनी परदेशातून विमानाचे नकाशे मागवले. हौशी माणसानं घरी बांधावं असं लाकडी विमान, दोघांपुरतं. लीलाकाकू शाळेत शिक्षिका. त्या भडकल्या.

"घरात धड कपाट नाही आणि विमान कसलं करताय?"

"कपाट काय, कुनीबी करतंय की!" काका म्हणाले.

शेडमध्ये देवदाराचा सांगाडा हळूहळू वाढत गेला. सगळीकडे सरसाचा वास. पुढं पंखांवर कापड चढवायची वेळ आली, तेव्हा काकांचे टाके बघून काकूंनी सुईच काढून घेतली. "असं शिवलंत तर पोलक्याची बाहीसुद्धा टिकायची नाही." दोन्ही पंख त्यांनीच शिवले.

काका मुंबईला जाऊन विमान चालवायला शिकले. छप्पनच्या हिवाळ्यात, रीतसर परवानगी आल्यावर, उजळाईवाडीच्या धावपट्टीवरून आधी एकटेच उडून आले. मग काकू पदर खोचून शेजारी बसल्या. खाली पंचगंगेचं वळण, पलीकडं जोतिबाचा डोंगर. काकूंना किती बघू न् किती नको असं झालं.

हातकणंगल्याच्या बाजूला इंजिन खोकलं आणि बंद पडलं. काकांनी विमान तसंच तरंगत एका कापणी झालेल्या शेतात उतरवलं. एक चाक मोडलं, बाकी खरचटलंही नाही. शेताची मालकीण तानाबाई खुरपं हातात घेऊनच धावत आली.

"पावणं, जित्तं हायसा न्हवं?"

"व्हय, व्हय!"

"आगं बया, बाईमाणूस बी हाय की आत!"

तिनं दोघांना ताक पाजलं. पंख सोडवून विमान बैलगाडीतून घरी आलं.

इंजिनात कचरा अडकला होता, तो निघाला. चाकही बसलं. पण पावसाळ्यानंतर काकांनी सांधे ठोकून पाहिले, तर ओलीनं सरस सुटत चाललेला. बराच वेळ ते पंखावर हात ठेवून उभे राहिले.

"लीला, आता तुला ह्यात बसवायचा न्हाई मी."

"मग तुम्हीही बसायचं नाही," काकू म्हणाल्या.

विमान पुन्हा उडालं नाही.

पुढं कितीतरी वर्षं मी त्या उड्डाणाच्या दिवसाबद्दल दोघांना विचारत असे. काका इंजिनाबद्दलच बोलायचे. काकू म्हणायच्या, "ते बंद पडल्यावर सगळं एकदम शांत झालं बघ. नुसता वारा. इतकं छान वाटलं, की भ्यायचं राहूनच गेलं."