आत बसणारं माणूस

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याकडेच निघाले होते, असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी पार्लरमध्ये होते, डोक्याला काळा रंग लावून. फोन अण्णाच्या शेजारच्या सरोजम्मांचा होता. "स्वल्प लवकर या," एवढंच त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजावरूनच कळलं की आता लवकर जाऊन काही उपयोग नाही. ओल्या केसांनी मी बेळ्ळंदूरहून इंदिरानगरला पोचेपर्यंत दीड तास गेला. सकाळची कॉफी पिऊन अण्णा खुर्चीत बसला होता, तो तिथंच गेला. वय एकाहत्तर. जमलेले सगळे म्हणत होते, किती छान मरण, कुणाला त्रास दिला नाही, कुणाकडून काही करून घेतलं नाही. मला त्यातल्या प्रत्येकाला घराबाहेर काढावंसं वाटत होतं. अण्णा त्या सकाळी गेलाच नव्हता. तो पाच महिन्यांपूर्वीच संपला होता, आणि कशानं ते त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं.

माझा हा थोरला भाऊ जुन्या पिकअप गाड्यांच्या केबिनमध्ये शिरणारं पाणी शोधून काढायचा. बाकी इंजिन, ब्रेक, क्लच, कशालाच हात लावायचा नाही. "त्याला गावभर माणसं आहेत," म्हणायचा. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका वेळी एकच गाडी मावायची. आजूबाजूला हॉटेलं झाली, कपड्यांची दुकानं झाली, समोरच्या बंगल्याच्या जागी काचेचं ऑफिस आलं, पण अण्णाच्या शेडमधून येणारा ओल्या मॅटचा कुबट वास काही हलला नाही. आमचं घराणं बेंगळुरात इतक्या पिढ्या आहे की मूळ गाव कुठलं ते आम्हाला सांगता येत नाही, आणि आमचं मराठी ऐकून पुण्याची माणसं तोंडावर हात धरतात. पण भाजीवाल्यांपासून टेंटवाल्यांपर्यंत जुनी गाडी असलेल्या माणसाला अण्णा ठाऊक असायचा. बाकी गॅरेजवाले पाणी दिसेल तिथं सिलिकॉनची ट्यूब पिळून गिऱ्हाइकाला वाटेला लावायचे. अशी गाडी आली की अण्णा आधी अर्धा दिवस ते सिलिकॉन खरवडून काढायचा आणि तोवर मालकाला शिव्या द्यायचा. मालक निमूट ऐकून घ्यायचे.

त्याची पद्धत मी लहानपणी नाही, तर अगदी म्हातारपणी शिकले. गाडीच्या आतलं सगळं काढायचं, केबिन पुसून कोरडी ठणठणीत करायची, पाण्याचा ओघळ दिसावा म्हणून पत्र्याच्या जोडांवर रांगोळीची पांढरी पूड भुरभुरायची. मग एकानं आत बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून पाणी सोडायचं. पाणी नेहमी खालून वर सोडायचं. आधी दाराचा तळ, मग दाराचं रबर, मग पुढची काच, सगळ्यात शेवटी छत. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि कुठून शिरलं ते देवालासुद्धा कळत नाही. एकेका जागी पाच पाच मिनिटं. लोक पाइप लावतात, अण्णा झारी वापरायचा, पुढची चाळणी काढलेली. बोअरवेल आटल्याच्या दिवसांत, अख्खा रस्ता टँकरची वाट बघत असताना, हा माणूस खाली घंगाळं ठेवून तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरत गाडी तपासायचा. आणि आत बसायची वहिनी. टॉर्च घेऊन, पदर खोचून, डोळ्यात तेल घालून. पाणी दिसलं की ओरडायची, "बंतु!" नाही दिसलं तर "इल्ला." या दोन शब्दांवर त्या दोघांनी अख्खा संसार केला असं मी चिडवायचे. मूलबाळ नव्हतं. सणावाराला दोघांच्या नखांत फटी भरायची काळी पेस्ट असायची.

अण्णा काही देवमाणूस नव्हता, हेही लिहायला हवं. तिरसट होता. कौतुकाचा शब्द तोंडातून निघायचा नाही. माझ्या मुलाच्या साखरपुड्याला तो आला नाही, कारण काय, तर एका गाडीची काच काढून ठेवली होती आणि आभाळ भरून आलं होतं. "काच उघडी टाकून कसा येऊ, पुट्टी?" असं फोनवर म्हणाला. साठी उलटली तरी मी त्याची पुट्टीच, म्हणजे चिमुरडीच, होते. पण मी ते मनात धरलं. वर्षभर धरलं. आज लिहिताना कळतंय की पुढं जे झालं त्यात या धरून ठेवलेल्या रागाचाही थोडा हात होता…

दोन वर्षांपूर्वी वहिनी गेली. त्यानंतर अण्णानं भाड्यानं माणसं लावून बघितली, एकही टिकलं नाही. कुणाला डुलकी लागायची, कुणी घाईनं हो म्हणायचं. शेवटी एक दिवस त्यानं मला फोन केला. त्यानं कुणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही, त्यामुळे तो काय मागतोय हे समजायलाच मला वेळ लागला. "मला तुझे डोळे पाहिजेत," तो म्हणाला. "माझी बोटं झोपल्यात. ओलं-सुकं कळत नाही आता." साखरेच्या आजारानं त्याची नजर अंधुक झाली होती आणि बोटं बधिर होत चालली होती. ज्या बोटांनी तो जोडाच्या मागं हात घालून पाण्याचा माग काढायचा, ती बोटं. मी बँकेतून निवृत्त झालेली, रिकामीच. आठवड्यातून एकदा जाऊन आत बसायला लागले. पहिल्या तीन-चार गाड्यांना मी अगदी मन लावून बसले. "बंतु!" असं पहिल्यांदा ओरडले तेव्हा अण्णा बाहेरून काचेला नाक लावून हसला होता. त्याला इतकं हसताना मी वहिनी गेल्यापासून बघितलं नव्हतं.

मग परशरामची गाडी आली. परशराम खानापूरकडचा, कोरमंगल्यातल्या पीजी हॉस्टेलांना भाजी आणि तांदूळ पोचवतो. गाडी त्याच्याइतकीच दमलेली. डाव्या बाजूला पाय ठेवायच्या जागी पाणी साठायचं, आणि खाली येता येता ते फ्यूजच्या डब्यावर ठिबकायचं, की वायपर बंद. ऐन पावसात वायपर बंद पडणं म्हणजे काय, ते रिंग रोडवर गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको. अण्णानं त्या गाडीवर तीन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी मी आत बसले होते, आणि त्याच दिवशी आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर टँकरच्या पाण्यावरून भांडण पेटलं होतं. कुणीतरी माझ्या नावानं काहीबाही लिहिलं होतं. मी तावातावानं उत्तर टाइप करत होते. बाहेर अण्णा दारापासून सुरू करून काचेपर्यंत आला, काचेवरून छताच्या कडेच्या पन्हळीपर्यंत. मध्ये मध्ये तो विचारायचा, "काय गं?" आणि मी मान वर न करता म्हणायचे, "इल्ला." काचेच्या खालच्या कोपऱ्याकडे मी एकदा बघितलं, तिथं थोडी ओल होती, ती सांगितली. त्यानंतर पन्हळ. "काय गं?" "इल्ला." "नीट बघ, पुट्टी. पाच मिनिटं झाली." "इल्ला म्हटलं ना!" तो आत आला, माझ्या डोक्यावर वाकून छताच्या कोपऱ्यावरून बोटं फिरवली, छताचं कापड सारून काहीतरी खुडबुड केली, आणि बाहेर गेला. मी तेव्हाही स्क्रीनवरच होते.

अण्णानं पुढच्या काचेचं रबर बदललं आणि गाडी दिली. दहा दिवसांनी, ऐन पावसात, परशरामचा वायपर फ्लायओव्हरवर बंद पडला. मागून बस आली, हातभर अंतरावर थांबली. दुसऱ्या दिवशी तो शेडमध्ये आला तेव्हा मी तिथं होते. माणूस स्वभावानं गरीब, पण त्या दिवशी आवाज चढवून बोलला. "अण्णा, जमत नसलं तर जमत न्हाई म्हणायचं की! मला पुढचं काय दिसंना. मेलो असतो न्हवं मी?" गाडी परत तपासायला घेतो, असं अण्णा म्हणाला, पण परशराम थांबला नाही. तो गेल्यावर अण्णानं झारी उचलून खुंटीला लावली. मग माझ्याकडे वळला आणि अगदी साधेपणानं विचारलं, "तू नीट बघितलं होतंस ना?"

मी तेव्हा खरं बोलायला हवं होतं. पहिल्या वेळी माझं लक्ष नव्हतं, ते एक वेळ सोडा. या वेळी माझं पूर्ण लक्ष होतं. मी त्याच्या डोळ्यात बघून म्हणाले, "बघितलं म्हणजे काय! माझ्यावर संशय घेतोस?"

"तुझ्यावर नाही गं," तो म्हणाला. "माझ्यावर."

तेव्हापासून त्या शेडला कुलूप होतं. एक-दोघं गाडी घेऊन आले, त्यांना त्यानं फाटकातूनच परत पाठवलं. मी जायचे तेव्हा तो खुर्चीत बसलेला असायचा, हात मांडीवर उताणे टाकून. "आता मला कळत नाही," एवढंच म्हणायचा. "चुकीच्या जागी शोधतो मी." मी त्याला फिरायला जा म्हणायचे, टीव्ही बघ म्हणायचे, डॉक्टर बदल म्हणायचे. पाच महिने मी त्याला सगळं सांगितलं, एक वाक्य सोडून. उद्या सांगू, पुढच्या आठवड्यात सांगू… आणि खरं सांगायचं तर, सांगावंसं वाटतच नव्हतं. त्याच्या नजरेतून उतरण्यापेक्षा त्याचं खुर्चीत बसणं मला सोपं वाटत होतं. हे वाचून कुणी माझी समजूत घालणारा फोन करू नये. मला समजूत नको आहे.

बाराव्याला परशराम आला. जेवला नाही, कोपऱ्यात बसून राहिला. निघताना म्हणाला, "अक्का, मी असं बोलायला नको होतं अण्णांना." गाडीचं काय झालं, म्हणून मी विचारलं. दोन गॅरेजं झाली, दोन्हीकडे पेस्ट फासून दिली, पाणी येतंयच. मी त्याला रविवारी गाडी घेऊन यायला सांगितलं. का सांगितलं, ते तेव्हा मला नीट कळलं नव्हतं. गाडी आता कोरडी आहे, हे आधीच सांगून टाकते. फट परशरामनं नंतर स्वतःच्या हातानं भरली.

रविवारी आम्ही शेड उघडली. पुसून सगळं कोरडं केलं. मी आत बसले, फोन घरात ठेवून. परशरामला सांगितलं, खालून सुरू कर. दार झालं, काच झाली. तो पन्हळीवर आला आणि मिनिटभरही झालं नसेल, छताच्या डाव्या कोपऱ्यात, माझ्या कपाळापासून वीतभर अंतरावर, कापड काळं पडलं. टॉर्चचीही गरज नव्हती. झोपेतून उठलेल्या माणसालासुद्धा दिसलं असतं. मी त्याला थांबवलं आणि जोड नेमका कुठं उघडलाय ते बघायला छताचं कापड कोपऱ्यापासून खाली ओढलं.

आत पत्र्यावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. सात-आठ वर्तुळं, रुपयाएवढी. परशरामला विचारलं तर म्हणाला, अण्णा करायचे ते. जिथून पाणी येत असेल असा संशय, तिथं वर्तुळ. आतल्या माणसानं नाही म्हटलं की त्यावर तिरकी रेघ, म्हणजे ती जागा सुटली. मी त्याच्या शेडमध्ये इतके दिवस बसले आणि हे मला गिऱ्हाइकाकडून कळत होतं. सगळ्या वर्तुळांवर रेघा होत्या. डाव्या कोपऱ्यातलं वर्तुळ बाकीच्यांपेक्षा जाड होतं, दोन-तीनदा गिरवलेलं. अण्णाला जवळजवळ खात्री होती. त्यावरही रेघ होती. आणि पाणी त्या वर्तुळाच्या बरोबर मधून येत होतं.

त्याची बोटं बधिर झाली होती, पण तो चुकला नव्हता. जागा त्यानं बरोबर शोधली होती, आणि माझ्या शब्दावर खोडली होती.

मी परशरामला सगळं सांगितलं. त्या दिवशी आत मी होते. मी फोन बघत होते. मी बघितलंच नव्हतं, आणि अण्णानं विचारल्यावर खोटं बोलले. जे पाच महिन्यांत भावाला सांगता आलं नाही ते एका परक्या माणसाला मी दोन मिनिटांत सांगितलं. परशराम झारी हातात घेऊन उभा होता. त्यानं आत वाकून त्या वर्तुळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. रागावला नाही. झारी खाली ठेवली, ओले हात शर्टाला पुसले आणि केबिनचं दार पूर्ण उघडलं.

"परत एकदा बघूया, अक्का," तो म्हणाला. "खातरी पायजे. तुम्ही खाली उतरा, पाणी तुम्ही घाला. आत मी बसतो."

मी उतरले.