पाठमोरे मामा

बहात्तर साली सावेडीच्या माळावर आमच्या क्लबचे फुटबॉलचे सामने व्हायचे. मी गोलकीपर. घरोघर दूध घालून झालं की एक धोतरवाले मामा दर रविवारी तिथे यायचे आणि रिकाम्या किटल्यांची सायकल माझ्या गोलमागे लावायचे. हाफटाइमला मी बाजू बदलली की तेही सायकल ढकलत पलीकडे. नाव मी कधी विचारलं नाही.

फायनलला आम्ही एका गोलने पुढे होतो आणि शेवटच्या मिनिटाला आमच्यावर पेनल्टी आली. मागे पाहिलं तर मामा पाठ करून उभे! ऐन वेळी पाठ? मला रागच आला. त्याच रागात मी डावीकडे झेपावलो. चेंडू बोटांना लागून खांबाबाहेर गेला आणि किटलीवर धाडकन आदळला.

"गेला न्हवं आत?" मामांनी न वळताच विचारलं.

"नाही मामा, अडवला!"

ते मातीतच बसले. टोपीने तोंड पुसत म्हणाले, "मी बगितलं की गोल हुतोच. म्हून पाठ केली."

पुढेही प्रत्येक पेनल्टीला ते पाठमोरेच राहिले. किटलीला पडलेला तो पोचा मात्र त्यांनी कधीच ठोकून घेतला नाही.