निळ्या पट्ट्याचं टिपाड

लातूरचा जिल्हा झाला आणि आमच्या गल्लीला काहीही शक्य वाटायला लागलं. नळाला पाणी नव्हतं ते नव्हतंच, पण "आता जिल्हा झालाय" हे वाक्य जो तो तोंडी लावायचा. रस्ता रुंद होईल का? जिल्हा झालाय, होईल. रेणापूरची एसटी वेळेवर येईल का? जिल्हा झालाय, येईल. पुढे एका उन्हाळ्यात माझ्या थोरल्या भावानं हेच वाक्य गल्लीवर उलटवलं. जिल्ह्याच्या गावात रॉकचा कार्यक्रम नको का, असं त्यानं मारुतीच्या पारावर सगळ्यांसमोर विचारलं, आणि गल्ली आपल्याच वाक्यात अडकली.

पावसानं लागोपाठ दगा दिला होता. टँकर त्याच्या मनाला येईल तेव्हा यायचा. आमचे वडील, अण्णा, आडतीवर मुनीम होते. मोंढ्यात मालच येत नव्हता, म्हणून ते दुपारीच घरी येऊन बसायचे आणि दादाच्या गिटारकडे असं बघायचे, जसं फुकट जेवायला येऊन मुक्काम न हलवणाऱ्या पाहुण्याकडं बघावं. दादानं कॉलेज अर्धवट सोडलं होतं. त्याला नांदेडला, मामाच्या स्पेअर पार्टच्या दुकानात चिकटवायचं अण्णांनी ठरवलं. दादानं हो म्हटलं, पण एक अट घातली. जाण्याआधी तो गल्लीसमोर एकदा वाजवणार आणि अण्णांनी पहिल्या रांगेत बसून ऐकायचं. आता वाटतं, गल्लीचं त्याला फारसं काही नव्हतंच. त्याला अण्णांना ऐकवायचं होतं.

रॉक म्हणजे काय, हे सांगता सांगता त्याच्या नाकी नऊ आले. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातले अप्पा, कपाळाला भस्म आणि गळ्यात लिंग, त्यांनी एकच विचारलं, "देवाचं एक तरी हाय का न्हाई त्यात?" दादानं एक आरती गिटारवर बसवायचं कबूल केलं तेव्हा अप्पांनी मान हलवली. लाऊडस्पीकरवाले चाचा म्हणाले, "बेटा, कर्णा माझा, गाणं तुझं. लोकांनी शिव्या घातल्या तर निम्म्या निम्म्या." ड्रम वाजवायला लग्नाच्या बॅन्डमधला एक मित्र तयार झाला. दुष्काळात लग्नं कमी, तो रिकामाच होता.

शेवटचं गाणं दादानं स्वतः रचलं होतं. त्याची चाल तो माळवदावर बसून इतक्यांदा वाजवायचा की मला ती पाठ झाली. शब्द मात्र कुणाला ऐकवले नाहीत. "ते अण्णांच्या म्होरंच," म्हणायचा. मी रुसले, फुगले, गिटारच्या तारा तोडीन म्हणून धमकावलं. पठ्ठ्या बधला नाही.

सगळं जमलं, स्टेज काही जमेना. मंडपवाल्यानं फळ्या दिल्या, पण त्या ठेवायच्या कशावर? तोड काढली मायनं. पाण्याची लोखंडी टिपाडं दारोदारी कोरडी ठणठणीत पडली होती. "पालथी घाला अन् वर फळ्या टाका," ती म्हणाली, "रिकामीच तर पडल्यात." मग तीच घराघरांत फिरली. टिपाडांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक घराचा वेगळ्या रंगाचा पट्टा होता. आमचा निळा. ते टिपाड तिनं पुढं, अगदी मधोमध ठेवायला लावलं. "माझं लेकरू माझ्याच टिपाडावर हुबं ऱ्हाईल," म्हणाली. दादा लाजला, आणि मी त्याला त्यावरून दिवसभर चिडवलं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी अण्णा इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत खुर्चीवर येऊन बसले. लग्नाला निघाल्यासारखे. दादानं ते पाहिलं आणि त्याचा चेहरा असा काही उजळला की मला उगीचच रडू आलं. आरती झाली. अप्पांनी टाळ्या वाजवल्या. दादानं माईक ओढून घेतला, घसा खाकरला. त्याचं गाणं तो सगळ्यात शेवटी म्हणणार होता, पण अण्णा वेळेवर आलेले बघून त्याला धीर धरवेना. "हे पहिलं गाणं माझं हाय," म्हणाला.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टँकरचा हॉर्न वाजला.

कित्येक दिवसांनी आला होता. ड्रायव्हर खाली न उतरताच ओरडला, "भरायचं आसंल तर लवकर भरा, न्हाईतर मी चाललो म्होरल्या गल्लीत." सगळ्यांनी स्टेजकडं पाहिलं. सगळ्यांची टिपाडं दादाच्या पायाखाली होती. एरवी पाण्यासाठी एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या बायका, पण त्या संध्याकाळी एकही जागची हलेना. शेजारच्या काकूंची लेक जळकोटहून बाळंतपणाला आलेली, ओली बाळंतीण घरात, आणि काकू रिकामी घागर घेऊन नुसत्या उभ्या. कुणीतरी सुरुवात करायला हवी होती, आणि ती कुणी करायची हे मायला कळलं.

तिनं पदर खोचला, स्टेजपुढं गेली आणि वर बघून म्हणाली, "उतर राजा."

दादानं आधी अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी मान खाली घातली होती. मग त्यानं गिटार गळ्यातून काढून माझ्या हातात दिली. "तू सर माय, तुला फळी उचलायची न्हाई," म्हणाला आणि मधली फळी त्यानंच काढली. त्यानंतर जी झुंबड उडाली, तिच्यात स्टेज कधी नाहीसं झालं कळलंसुद्धा नाही.

अण्णांनी दादाबरोबर आमचं टिपाड गडगडत नेलं, भरलं. सदरा भिजला. मग ते परत खुर्चीवर येऊन बसले आणि म्हणाले, "वाजव आता. मी बसलोय हितंच." आयुष्यात ते दादाशी एवढ्या मऊ आवाजात कधी बोलले नव्हते. दादानं गिटार घेतली, आणि लाईट गेली. वाट बघून बघून चाचांनी कर्णा उतरवला. लोक पाणी झाकायला घरोघर गेले होते. "उद्या करू," दादा म्हणाला. पण उद्या भरलेलं टिपाड पालथं घालायला कोण देणार होतं? घरातच म्हणून दाखव म्हटलं, तर म्हणाला, "न्हाई, कर्ण्यावरच." मग "दिवाळीत करू," म्हणाला. "हाव, दिवाळीत," अण्णा म्हणाले.

नांदेडला जायच्या दिवशी मायनं त्याला त्या टिपाडातल्या पाण्यानं बादलीभर अंघोळ घातली. घरात किती दिवसांत कुणी एवढं पाणी अंगावर घेतलं नव्हतं. तो मुद्दाम मोठ्यानं हर हर गंगे ओरडत होता.

दिवाळीआधी त्याला नांदेडला कावीळ झाली. त्या वर्षी कुठलं पाणी कुठून येत होतं, कुणाला ठाऊक. अण्णा पोचले तेव्हा तो बोलायच्या पलीकडं गेला होता. परत आल्यावर अण्णांनी गिटार एका स्वच्छ धोतरात गुंडाळून कपाटावर ठेवली, आणि ते असेपर्यंत तिला कुणाला हात लावू दिला नाही.

आता अण्णाही नाहीत. माय माझ्याकडं असते. तिला ऐकू कमी येतं आणि मधलं बरंच आठवत नाही, पण ती संध्याकाळ आठवते. "मी वाईच थांबले आसते," म्हणते. मी तिला बाळंतिणीची आठवण करून देते, ती मान हलवते आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणते. मग मला विचारते, "काय म्हणणार व्हता गं त्यो?" मला माहीत आहे ते एवढंच, म्हणून मी तिच्या कानाशी वाकून चाल गुणगुणते.

ती डोळे मिटून ऐकते आणि दर वेळी हात धरून सांगते, "जरा मोठ्यानं म्हण. शब्द कळंनात."